फुकट ते पौष्टिक! तरुण संघाच्या मोबाइलमधल्या गमतीजमती

कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की मुरबाड, टोकावडे मागे पडतं आणि वैशाखरे येतं. ट्रेकवाली पोरं इथे उतरतात, चहा-वडापाव उरकतात आणि नाणेघाटाची वाट धरतात. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या मंडळींच्या मूर्तींची रांग होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत त्याचं नाव. मूर्ती गेल्या. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. नावं मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हिडिओ उडाला, सबटायटल राहिल्या.

चर्चच्या तरुण संघावरच्या लेखात नाणेघाट कशाला, असं विचाराल. सांगतो. मुरबाड-शहापूर असो, वसई असो की नगर, तरुण संघाचं दुखणं एकच. पाळकसाहेब म्हणतात, "यंदा नाताळला काहीतरी नवीन करा रे." बजेटचा विषय काढला की पाळकसाहेब म्हणतात, "आधी प्रार्थना करू." मग उरतो खिशातला मोबाइल आणि इंटरनेटवरचा फुकट माल. तो माल भरपूर आहे, चांगला आहे, आणि त्यामागचे किस्से तर त्याहून भारी आहेत. कमी आहे ती एकच गोष्ट, आपल्या बोलीतला आवाज. तो कुठूनही डाउनलोड होत नाही, आणि नाणेघाट सांगतो तसं, चित्र गेलं तरी टिकतात ते शब्द.

कल्याणचा पहिला 'प्रोजेक्टर'

पांढऱ्या चादरीवर चित्रं पाडून लोकांना गोष्ट सांगायची ही कल्पना आपल्या भागाला अजिबात नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले. हा मॅजिक लँटर्नचा खेळ. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा, आणि सोबत निवेदन नि संगीत. काचा अशा चलाखीनं बदलायच्या की पडद्यावरचं पात्र हलतंय असं वाटावं. मिशनरी मंडळीही त्या काळात देशभर असेच दिवे घेऊन खेडोपाडी बायबलच्या कथा दाखवत फिरत होती. थोडक्यात, व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, चादर बांधून प्रोजेक्टर लावणाऱ्या पोरांनी आपण काही क्रांती करतोय असं समजू नये. कल्याणनं हे सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

येशूचा सिनेमा, हरिश्चंद्राचा जन्म

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबू थेटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट लागला होता. प्रेक्षकांत नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ बसले होते. पडद्यावर येशू चालत होता आणि यांच्या डोक्यात राम-कृष्ण चालायला लागले. गृहस्थांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि भारतीय सिनेमाची गाडी सुटली. धार्मिक व्हिडिओ बघून कुणाच्या डोक्यात काय उगवेल याचा नेम नसतो, हे तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

याच वळणाची पुढची गोष्ट दक्षिणेतली. १९७८ मध्ये तेलुगूत 'करुणामयुडू' आला. दिग्दर्शक ए. भीमसिंग, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. हिंदीत तो 'दयासागर' झाला आणि थेटरातून उतरल्यावर त्याचं खरं आयुष्य सुरू झालं. जीपमध्ये प्रोजेक्टर आणि जनरेटर टाकून तो गावोगावच्या मैदानांत दाखवला गेला. चाळिशी-पन्नाशीतल्या ख्रिस्ती माणसाला विचारून बघा, येशूचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला सांगितला तर निम्म्यांना विजयचंदरच दिसतील.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, इंग्रजीत 'जीझस' आला. येशूच्या भूमिकेत ब्रायन डीकन हा ब्रिटिश नट, चित्रीकरण इस्राएलमध्ये आणि पटकथा एकट्या लूकच्या शुभवर्तमानावर. थेटरात तो यथातथाच चालला. पण डबिंगमध्ये त्यानं जगाला मागे टाकलं. आजवर २००० हून जास्त भाषांत तो बोलला आहे. मराठी त्यात आहेच. इंटरनेटवर तो फुकट बघता येतो, फुकट उतरवूनही घेता येतो. २००० भाषा म्हणजे किती? आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ आहेत.

पुठ्ठ्याचा रेकॉर्डप्लेअर

जॉय रिडरहॉफ ही अमेरिकन बाई होंडुरासमध्ये मिशनरी होती. तब्येत ढासळली म्हणून तिला घरी परतावं लागलं. आपण नाही तर निदान आपला आवाज तरी डोंगरातल्या लोकांपर्यंत जावा, म्हणून तिनं स्पॅनिशमध्ये रेकॉर्ड केली. त्यातून १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला 'गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज' ही संस्था उभी राहिली. आज तिच्याकडे ६००० हून अधिक भाषा-बोलींतली ध्वनिमुद्रणं आहेत आणि 'फाइव्ह फिश' नावाच्या ॲपवर ती मोफत ऐकता येतात.

पण खरी मजा मधल्या काळातली. वीज नसलेल्या गावांसाठी या लोकांनी चक्क पुठ्ठ्याचा रेकॉर्डप्लेअर काढला, त्याचं नाव 'कार्डटॉक'. घडी उघडायची, तबकडी ठेवायची, हातानं गरगर फिरवायची आणि सुईतून आवाज ऐकायचा. बॅटरी नाही, वायर नाही, चार्जिंगची कटकट नाही. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट गेली की या यंत्राची आठवण येणारच.

बायबल ॲपचा वाढदिवस

ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं. पहिल्या दिवशी तिथे जी मोजकी फुकट ॲप होती त्यांत एक बायबलचं होतं, 'यूव्हर्जन'. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका चर्चनं ते काढलं. मराठी बायबल त्यात आहे. एकदा वायफायवर उतरवून घेतलं की घाटात रेंज गेली तरी उपासना अडत नाही.

'बायबलप्रोजेक्ट' हे दुसरं नाव. २०१४ मध्ये पोर्टलंडमध्ये टिम मॅकी आणि जॉन कॉलिन्स या दोन मित्रांनी ते सुरू केलं. एक बायबलचा अभ्यासक, दुसरा समजावून सांगणारे व्हिडिओ बनवणारा. बायबलचं एकेक पुस्तक पाच-दहा मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये उलगडून दाखवतात. खर्च देणग्यांवर चालतो, बघणाऱ्याला सगळं फुकट. हिंदीतही आहे. माझं मत विचाराल तर संडे स्कूलच्या लहानग्यांना हे जड जातं. कॉलेजच्या पोरांना मात्र चपखल बसतं, विशेषतः "हे सगळं जुनंपानं आहे" असं म्हणणाऱ्यांना.

लहानग्यांसाठी 'सुपरबुक' बघा. त्याची पहिली मालिका १९८१ ची आणि ती बनवली जपानच्या तात्सुनोको स्टुडिओनं. म्हणजे दाविदाची गोष्ट जपानी ॲनिमेवाल्यांच्या हातून.

पन्नास गोष्टी, परवान्यासकट

आता जरा इथे थांबा, कारण सगळ्यात कामाची चीज हीच आहे आणि तिचं नाव फार कमी जणांनी ऐकलंय.

'अनफोल्डिंगवर्ड' नावाच्या संस्थेनं बायबलमधल्या ५० गोष्टी सोप्या भाषेत लिहून काढल्या. 'ओपन बायबल स्टोरीज' असं त्यांचं नाव. उत्पत्तीपासून येशूच्या परत येण्यापर्यंत, प्रत्येक गोष्टीला चित्रांची मालिका. त्यांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, नाव द्या आणि तसंच पुढे वाटा या अटींवरचा. या अटी पाळल्या की भाषांतर करा, आवाज द्या, व्हिडिओ करा, छापा, वाटा. कुणाला पत्र लिहायला नको, परवानगीची वाट बघायला नको.

म्हणजे काय होऊ शकतं बघा. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात घरी आगरी बोलतात, कुणबी वळणाची मराठी बोलतात, ठाकरी बोलतात, कातकरी बोलतात. सभेत मात्र उधळ्या पुत्राचा बाप शुद्ध पुस्तकी मराठीत रडतो. हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ आकाशवाणीवर बातम्या सांगितल्यासारखा बोलतो. ज्या पोराच्या आजीला ठाकरी येते, त्यानं तिच्यासमोर बसून एक गोष्ट तिच्या तोंडून वदवून घेतली, तर ती जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

कसं करायचं? मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. फक्त जागा नीट निवडा. पत्र्याच्या घरात श्रावणात रेकॉर्डिंग करायला बसाल तर आजीपेक्षा पाऊसच जास्त बोलेल. कौलारू घर बरं, मातीच्या भिंतींचं त्याहून बरं. दारा-खिडक्यांवर गोधड्या टांगा म्हणजे आवाज घुमत नाही. फोन विमान मोडवर, कोंबड्या बाहेर. बोलायच्या आधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती शांतताही रेकॉर्ड करायची.

ही शांतता पुढे कामाला येते. 'ऑडॅसिटी' हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये ते सुरू झालं, २००० मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यात तो पाच सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉइज प्रोफाइल' घ्यायचं, म्हणजे पंख्याची घरघर कशी असते ते यंत्राला कळतं. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तेवढी घरघर वजा करायची. हात आखडता ठेवा. जास्त पुसलंत तर आजी विहिरीच्या तळातून बोलतेय असं वाटतं.

शंकूचं रहस्य

व्हीएलसी प्लेअरचा केशरी शंकू सगळ्यांनी पाहिलाय. रस्त्याच्या कामावर ठेवतात तोच. हे सॉफ्टवेअर १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून निघालं. त्यांच्या हॉस्टेलवर पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेले शंकू जमवले होते, त्यावरून हे चिन्ह आलं. पेन ड्राइव्हवर कुठलीही फाइल आणा, व्हीएलसी सहसा नाही म्हणत नाही. कार्यक्रमाच्या ऐन वेळी "फाइल ओपन होत नाही" असं म्हणणाऱ्या तरुण संघाच्या सेक्रेटरीनं हा शंकू आधीच बसवून ठेवावा.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि प्रोजेक्टरवर सगळे चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. २ जीबीपर्यंत चालतं.

छोट्या व्हिडिओंचं म्हणाल तर टिकटॉक २९ जून २०२० ला भारतात बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं 'शॉर्ट्स' आणलं आणि जगात सगळ्यात आधी भारतात आणलं.

फॉन्टची चारशे वर्षांची डोकेदुखी

गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायला 'ओपनएलपी' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पण जुन्या फाइलीतलं भजन त्यात टाकलं की कधीकधी 'प्रभु'च्या जागी चौकोन, टिंबं आणि डॉलरची चिन्हं अवतरतात. कारण ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली असते. यावर मंडळी फार वैतागतात. त्यांना दिलासा म्हणून सांगतो, ही अडचण थेट १६१६ ची आहे.

त्या वर्षी गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. अकरा हजारांच्या घरातल्या मराठी ओव्या, पण छापल्या रोमन लिपीत. देवनागरीचे खिळेच नव्हते! मुंबईत अमेरिकन मराठी मिशननं मराठी छपाई सुरू केली ती १८१७ मध्ये. त्याच मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ ला अहमदनगरला निघालं. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, ते तिथल्याच छापखान्यात तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. तरुण मुलींच्या हातात त्या काळचं सगळ्यात ताजं तंत्रज्ञान! यापेक्षा भारी 'युथ मीडिया टीम' मला तरी माहीत नाही.

आज मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे देखणे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. पोस्टरला 'बलू', गाण्यांच्या शब्दांना 'मुक्त'. बाकी नक्षीकाम कमी करा. शेवटच्या बाकावरच्या आजोबांना वाचता आलं पाहिजे.

टिळक चालतात, सिनेमाचं गाणं नाही

यूट्यूबवर नाताळच्या नाटिकेचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या मिनिटाला कॉपीराइटची नोटीस आली, हा अनुभव घराघरातला. पार्श्वसंगीताला कुठल्या तरी सिनेमाची धून असते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला सूट देतो, पण यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी' यंत्राला ही सूट देणारं कलम ५२ वाचता येत नाही. त्याला धून ओळखता येते, बस्स.

मग वापरायचं काय? भारतात लेखक-कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांची भजनं, त्यांचे अभंग आज सगळ्यांचे आहेत. आणि टिळक तर आपल्या वाटेवरचेच, लहानपणी ते कल्याणला शिकले. अट एवढीच की कुणा आजच्या गायकाचं रेकॉर्डिंग उचलू नका. पेटी, तबला, टाळ घ्या आणि आपल्या गळ्यानं गा. चालही नव्यानं कुणी बांधली असेल तर त्याला विचारा. नुसती धून हवी असेल तर यूट्यूबची 'ऑडिओ लायब्ररी' २०१३ पासून फुकट आहे. चित्रांसाठी 'फ्रीबायबलइमेजेस' आहे. तिथे गोष्टीनिहाय चित्रसंच मिळतात, फक्त प्रत्येक संचाखालच्या अटी वाचायचा कंटाळा करू नका.

चुटकेसरशी

व्हॉलीबॉल हा खेळ ख्रिस्ती युवाकार्यातून आलाय. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गननं तो काढला आणि नाव ठेवलं 'मिंटोनेट'. चार वर्षं आधी दुसऱ्या वायएमसीएत बास्केटबॉल जन्मला होता, पीचच्या टोपल्या टांगून. आज खेडोपाडी नेट बांधून संध्याकाळी व्हॉलीबॉल रंगतो, तेव्हा हे कुणाच्या गावीही नसतं.

व्हीबीएसची सुरुवात सांगितली तर काही आजी रागावतील. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉज बाईंनी सुट्टीतल्या पोरांसाठी बायबल शाळा भरवली. जागा मिळेना, म्हणून भाड्यानं घेतला बीअरचा हॉल.

टीव्हीची संरक्षक संत कोण? असिसीची क्लेअर, तेराव्या शतकातली. आजारपणात तिला खोलीच्या भिंतीवर मिस्सा दिसला अशी आख्यायिका आहे, त्यावरून पोपनी १९५८ मध्ये तिच्याकडे टीव्हीचं खातं दिलं. त्याच असिसीत आज जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला एक संत विसावलाय, कार्लो अकुतिस. जन्म १९९१, मृत्यू २००६. अवघ्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात त्यानं चमत्कारांची जंत्री करणारी वेबसाइट बनवली. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. तरुण संघाच्या आयांसाठी महत्त्वाची माहिती : हा पोरगा व्हिडिओ गेम आठवड्यातून एकच तास खेळायचा.

एक गोष्ट गमतीची नाही

संडे स्कूलच्या मुलांचे चेहरे, नावं, गावं सर्रास व्हिडिओत टाकली जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी आई-वडिलांची संमती लागते. कायद्याचं सोडा, वाडीतल्या पोरांचे फाटके कपडे दाखवून देणगी मागणारा व्हिडिओ त्या पोरांनी मोठेपणी बघितला तर त्यांना काय वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे. पाठमोरं दाखवा, हात दाखवा, मुलांनी काढलेली चित्रं दाखवा. गोष्ट तेवढीच रंगते. आणि गावात पडदा लावायचा तर आधी गावाला विचारा, कार्यक्रम कशाचा आहे ते उघड सांगा. लपवाछपवी करून दाखवलेला सिनेमा कुणाच्याच भल्याचा नसतो.

जाता जाता तरुण संघाच्या सेक्रेटरीसाठी दोन आकडे. मोबाइलवरून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायला चॅनलला निदान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि जुलै २०२५ पासून लाइव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ पाहिजे. तेव्हा २४ डिसेंबरच्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा येत्या रविवारी उपासना सुटली की दारातच उभे राहा, आणि प्रत्येकाचा फोन हातात घेऊन ते पन्नास तिथेच पुरे करा.